स्टीलचं पातेलं त्याच जागी पुन्हा पुन्हा लागतंय? आधी डाग ओळखा

स्टीलच्या भांड्यात करपलेलं हाताच्या जोरावर निघत नाही. ते गरम पाण्याने सुटतं, सोड्याने सुटतं किंवा आंबटाने सुटतं, आणि यातलं काय वापरायचं ते डाग बघून ठरवायचं असतं. बहुतेक घरांत उलटं चालतं. आधी तारेची घासणी, मग भांड्यांचा साबण, मग यूट्यूबवर पाहिलेलं काहीतरी, आणि शेवटी 'जाईल हळूहळू' म्हणत पातेलं तसंच गॅसवर. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा नेमकं त्याच जागी लागतं.

माझी पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी छोटी खाणावळ आहे. सकाळी पोहे, दोन्ही वेळा भात-आमटी-भाजी आणि रात्री हवं त्याला दूध, असा रगाडा असला की काही ना काही बुडाला लागणारच. भांड्यांना येणाऱ्या मावशींचा वेळ मोजका असतो. एका कढईपाशी त्यांना अर्धा तास अडकवलं तर बाकीची रास तशीच राहते. म्हणून आमच्याकडे ज्याने करपवलं त्यानेच ते उकळून, सैल करून द्यायचं आणि मगच ते मोरीत जायचं. खाली लिहिलेलं सगळं या रोजच्या कामातून आलेलं आहे.

डाग कोणता ते आधी बघा

भांडं साबणाने धुवून कोरडं पुसा आणि खिडकीपाशी न्या. ओल्या भांड्यावर निम्मे डाग दिसतच नाहीत.

काळा, जाड, नखाला लागणारा थर म्हणजे जळलेलं अन्न. पिवळसर-तपकिरी, पातळ, बोट फिरवलं तर किंचित चिकट, आणि बहुधा कढईच्या काठाला किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर ते तापून तापून घट्ट झालेलं तेल. ओलं केलं की गायब आणि वाळलं की परत हजर, असा पांढुरका डाग पाण्यातल्या क्षारांचा. निळी-जांभळी-सोनेरी झाक, जिच्यावर बोटाला काहीच लागत नाही, ती भांडं गरजेपेक्षा जास्त तापल्याची खूण. नारिंगी ठिपके गंजाचे. आणि बुडाला सुईच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसत असतील, नख अडकत असेल, तर ते मिठाने पाडलेले खड्डे आहेत. ते काही केल्या निघणार नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

काळ्या आणि पिवळ्या-तपकिरी डागाला सोडा. पांढऱ्या, निळ्या आणि नारिंगीला आंबट. जळलेलं अन्न म्हणजे शेवटी प्रथिनं, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ. त्यांची पकड अल्कलीने, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थाने, सुटते. क्षार, गंज आणि धातूचे ऑक्साइड मात्र आम्लात विरघळतात. जुन्या मोरीत हे न सांगता पाळलं जायचं. तेलकट, करपट भांड्याला चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते सोड्याच्याच जातकुळीतलं. तांब्या-पितळेला चिंच. दोन्ही एका मुठीत घेऊन कुणी घासत नसे.

सगळं एकत्र घालण्याचा मोह

शेजारच्या वाड्यात कॉट बेसिसवर राहणारा, बीडकडचा एक मुलगा एकदा पातेलं घेऊन दारात उभा राहिला. इंडक्शनवर दूध ठेवून हा पेपर सोडवत बसला होता.

"काकू, हे नाही निघालं तर घरमालक डिपॉझिटमधून कापतील हो."

"काय काय घातलंस यात?"

"सोडा, व्हिनेगर, लिंबू, मीठ. फेस तर लई आला, काकू."

"अरे, भेळ केलीस की त्याची!"

फेस आला म्हणजे डाग निघतोय असं वाटतं खरं. प्रत्यक्षात सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना संपवत असतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, जे ना धड अल्कली ना धड आम्ल. बुडबुड्यांनी आधीच सुटलेला एखादा पापुद्रा हलतो, एवढाच काय तो फायदा. सोडा वापरायचा तर एकट्याने वापरा, भांडं खळखळून धुवा आणि गरज उरली तर मग आंबट. इंटरनेटवर ही जोडी इतकी लाडकी का झाली असेल, तर व्हिडिओत फेस छान दिसतो म्हणून.

एक मिश्रण मात्र निरुपयोगी नाही, धोक्याचं आहे. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या स्वयंपाकघरात तो छातीत बसतो. शिवाय ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड या दोन्ही गोष्टी स्टीललाही मारक आहेत. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर भांड्याला गंजापासून वाचवतो. या दोन्हींतलं आणि मिठातलंही क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. काळा डाग घालवायच्या नादात कायमचे खड्डे पाडून ठेवलेली पातेली मी पाहिली आहेत.

दूध लागलं असेल तर

करपलेल्या दुधाचा डाग सगळ्यांत चिवट. दूध तापायला लागून सत्तर अंशांच्या पुढे गेलं की त्यातल्या काही प्रथिनांची घडी उलगडते आणि ती बुडाला धरतात. त्यांच्याबरोबर कॅल्शियम फॉस्फेट बसतं, मग दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून तो थर तपकिरी होतो, मग काळा. म्हणजे एकाच डागात सोड्याने जाणारा भाग वेगळा आणि आंबटाने जाणारा वेगळा. नुसता सोडा वापरून 'थोडं राहिलंच' असं जे वाटतं ते यामुळे.

उरलेलं दूध ओतून घ्या आणि भांडं जरा निवू द्या. तापलेल्या बुडावर नळाची धार सोडली तर पातळ बूड वाकतं, आणि दोन धातूंचं जोडबूड असेल तर त्याच्या सांध्यावर ताण येतो. मग डाग बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घाला. पाणी गार किंवा कोमट असतानाच लिटरमागे दोन पोह्याचे चमचे खायचा सोडा टाका. उकळत्या पाण्यात सोडा टाकला की ते फसफसून ओट्यावर येतं. आता मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. उकळण्याला इथे अर्थ आहे. खायच्या सोड्याचं पाणी अगदी सौम्य असतं, पीएच आठच्या जरा वर. उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जात राहतो आणि थोडा थोडा सोडा धुण्याच्या सोड्यात बदलतो, म्हणून पाण्याचा जोर वाढतो. त्याच सोड्याची गार पेस्ट लावून तासभर बसण्यापेक्षा पंधरा मिनिटांची उकळी जास्त काम करते.

काम होतंय हे डोळ्यांना दिसतं. आधी पाणी चहाच्या रंगाचं होतं. मग डागाच्या कडा फुगतात, किंचित पांढरट होतात आणि बुडापासून उचलल्या जातात. लाकडी उलथन्याची सरळ कड त्या फटीत घालून हलकेच पुढे ढकलली तर पापुद्रा अखंड निघतो. निघत नसेल तर जोर करू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पाणी टाकून, ताजं सोड्याचं पाणी करून दुसरी उकळी द्या. तेच काळं पाणी पुन्हा पुन्हा उकळण्यात हशील नाही.

काळं निघाल्यावर बुडाला नकाशासारखी पांढुरकी-करडी झाक उरते. ती प्रथिनांची नव्हे, कॅल्शियमची. भांडं धुवून त्यात लिटरभर पाणी आणि एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालून पाच-दहा मिनिटं गरम करा. सायट्रिक ॲसिड नसेल तर अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. झाक जाते. डेअऱ्यांमध्ये दूध तापवायची यंत्रं धुताना हाच क्रम असतो. आधी कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी, मग साधं पाणी, मग सौम्य नायट्रिक ॲसिड, मग पुन्हा साधं पाणी. ती जहाल रसायनं घरात आणायची गरज नाही, क्रम तेवढा उचलायचा.

त्या मुलाचं पातेलं असंच निघालं, पण बुडाला एक निळसर पट्टा राहिला. इंडक्शनवर खालचं वेटोळं असतं त्याच गोलाईत उष्णता येते आणि दूध आटलं की तिथलं स्टील झपाट्याने तापतं. स्टील तीनशे अंशांच्या आसपास गेलं की आधी सोनेरी आणि पुढे जांभळा-निळा रंग धरतं, कारण तो क्रोमियम ऑक्साइडचा थर जाड होतो. अपायकारक नाही. व्हिनेगरच्या फडक्याने पुसलं की बराचसा जातो. घरमालकांना तो दिसला नसावा.

डाळ, भात, पाक, बेरी

हे तुलनेने सोपं. डाळ-भाताचं पिष्ट गरम पाण्यात फुगून स्वतःच सुटतं. कोमट पाणी, थेंबभर साबण, तासभर धीर. पिठल्याची खरवड आमच्याकडे धुवायची वेळच येत नाही, मुलं ती उलथन्याने खरवडून भाकरीबरोबर संपवतात.

साखर-गुळाच्या पाकाला तर सोडाही लागत नाही. तिळगुळाचा पाक पुढे जाऊन कढईत दगड झाला असेल तर कढईभर पाणी घालून उकळायला ठेवा, विरघळून जाईल. अगदी कोळसा झाला असेल तरच सोडा. गार झालेला पाक सुरीने फोडू नका. कढईला चरे पडतात आणि तुकडा उडून डोळ्यात जातो.

तूप कढवल्यावर खाली राहिलेल्या बेरीसाठी भांडं तसंच मंद आचेवर ठेवून त्यात वाटीभर कणीक भाजा. कणीक बेरी आणि तूप दोन्ही ओढून घेते, त्यात गूळ घातला की खाऊ तयार, आणि भांड्याला नंतर नुसता गरम पाण्याचा हात पुरतो.

चहाच्या पातेल्यातला तपकिरी लेप सोड्याच्या ओल्या पेस्टने मिनिटभरात जातो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा चहा असेल तर खाली क्षारही असतात, म्हणून मग आंबट. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या पेठांतल्या घरांना हा त्रास कमी. वाघोली, उंड्रीकडच्या बोअर-टँकरवर असलेल्या सोसायट्यांमध्ये कुकरच्या आत पांढरी रिंग दिसतेच. कुकरच्या तळाशी पाणी घालतो त्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकायची आजीची पद्धत त्यासाठीच आहे आणि ती चालते.

कढईच्या काठाचं पिवळं-तपकिरी

इथे माणसं सगळ्यांत जास्त हरतात, कारण हा डाग लिंबाला दाद देत नाही आणि साबणालाही नाही. तेलाचा पातळ थर पुन्हा पुन्हा तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून घट्ट पापुद्रा होतो. बिडाच्या तव्यावर आपण तो मुद्दाम बसवतो, स्टीलवर तोच नकोसा होतो.

याला धुण्याचा सोडा हवा. किराणा दुकानात सुटा मिळतो, रविवार पेठेत पोत्यानेही मिळेल. याच्या पाण्याचा पीएच अकराच्या आसपास, म्हणजे खायच्या सोड्यापेक्षा कितीतरी तिखट, त्यामुळे रबरी हातमोजे घालाच. लिटरमागे एक पोह्याचा चमचा. कढई बुडेल असं मोठं स्टीलचं पातेलं घ्या, त्यात कढई ठेवून अर्धा तास मंद उकळा, खिडकी उघडी ठेवा. एवढं मोठं भांडं नसेल तर जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या गरम सोड्याच्या पाण्यात भिजवून चिमट्याने कढईच्या काठाला बाहेरून गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवा. सकाळी तो थर मऊ होऊन ओल्या फडक्याबरोबर गोळा होतो.

पण त्याआधी एक गोष्ट तपासायचीच. भांड्यात कुठे ॲल्युमिनियम उघडं आहे का? धुण्याचा सोडा ॲल्युमिनियम खातो. ते काळं पडतं, खडबडीत होतं आणि परत येत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर, काळ्या हार्ड ॲनोडाइज्ड कढया, आणि ज्यांच्या स्टीलच्या बुडाखाली राखाडी चकती दिसते अशी पातेली, यांना सोड्यात उकळू नका. बॅकेलाइटच्या मुठी आणि कुकरचं झाकणही बाहेरच. झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रिंग सोड्यात उकळायच्या वस्तू नव्हेत.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. तुळशीबागेत दुकानदार ते छोटं यंत्र घेऊन बसतो आणि 'चि. सौ. कां.' पासून तारखेपर्यंत सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून देतो. कढईवर नाव काठाजवळ असेल तर त्या ठिपक्यांत तेल जाऊन काळं बसतं. वरून कितीही घासा, आतलं तसंच. सोड्याची पेस्ट लावून अर्ध्या तासाने जुन्या दात घासायच्या ब्रशने घासलं की आजीच्या लग्नाची तारीख परत वाचता येते.

कढईच्या बाहेरच्या बुडाचं तपकिरी मात्र मी निम्म्यावर सोडून देते. ते अन्नाला लागत नाही, भांड्याला अपाय करत नाही, आणि आठ दिवसांत परत येतं. बाहेरून आरशासारखी दिसणारी कढई स्वयंपाकाला फारशी वापरत नसावेत, असं माझं मत.

घासणी कोणती

उकळून सैल झाल्यावर नारळाचा काथ्या किंवा साधी नायलॉनची जाळी पुरते. शेवटची झाक उरली तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेने चोळा, गोल गोल नको. तारेच्या घासणीचे दोन तोटे आहेत. तिने पडलेल्या चऱ्यांत पुढचं अन्न अधिक घट्ट बसतं, आणि स्वस्तातल्या घासणीचे तुटलेले तुकडे भांड्यात राहून रात्रीत नारिंगी ठिपके उठतात. मग 'स्टील गंजलं' म्हणून दुकानदाराशी भांडण. ठिपके लिंबाच्या फोडीने निघतात. हिरवी खरखरीत घासणीही चकाकत्या स्टीलवर धूसर चरे पाडते, ती आतल्या बाजूपुरती ठेवा.

निघालं. पण त्याच जागी पुन्हा लागतंय

खरी तक्रार ही. एकदा करपलं तर ते लक्ष नव्हतं म्हणून. दर आठवड्याला त्याच जागी करपत असेल तर कारण भांड्यात किंवा शेगडीत आहे.

पहिली शंका, मागचा डाग पूर्ण निघालेलाच नाही. पातळ तपकिरी थर राहिला असला तरी पुढचं दूध तिथेच धरतं. कोरड्या भांड्यात बोटाचं टोक फिरवा. गुळगुळीत लागलं पाहिजे. एखाद्या जागी खरखर लागली तर वरचं सगळं पुन्हा.

दुसरी, आच. स्टील उष्णता पसरवण्यात अगदी मठ्ठ आहे. ॲल्युमिनियमच्या साधारण पंधराव्या हिश्श्याने आणि तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने ते उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ज्योत जिथे लागते तिथेच बूड तापतं, दोन बोटं पलीकडे गारच असतं. तुमच्या भांड्यात हे कुठे होतंय ते बघायची सोपी युक्ती आहे. कोरड्या पातेल्यात मैद्याचा किंवा कणकेचा अगदी पातळ, सारखा थर पसरा आणि मंद-मध्यम आचेवर ठेवून बघत उभे राहा. पीठ जिथे आधी तपकिरी होईल ती तुमची करपायची जागा. बर्नरच्या आकाराचं कडं उमटलं तर बूड पातळ आहे किंवा आच मोठी आहे. एकाच बाजूला चंद्रकोर उमटली तर बर्नरची एका बाजूची भोकं बुजलेली आहेत. बर्नर गार करून, उतरवून, भोकं पिनेने मोकळी करा. ही परीक्षा दोन-तीन मिनिटांची आहे आणि तिने जेवढं कळतं तेवढं वर्षभर घासून कळत नाही.

तिसरी, बूड. भांडं ओट्यावर उपडं न करता सरळ ठेवा आणि काठावर बोटाने दाबा. डुगडुगतंय? मग बूड वाकलंय. आतून मध्यभाग उंच झाला असेल तर तेल कडेला पळतं आणि मधला कोरडा भाग करपतो. अशा भांड्यात फोडणी करू नका, पाणी तापवायला किंवा भाज्या धुवायला ठेवा.

चौथी, ज्योतीचा रंग. ती निळी हवी. पिवळी, लांबट, बुडाला काजळी धरणारी असेल तर गॅस पूर्ण जळत नाहीये. बहुतेकदा बर्नर तुंबलेला असतो. पण पुण्यात हल्ली आणखी एक कारण दिसतं. पाइपच्या गॅसवर असलेली शेगडी घेऊन माणूस सिलिंडरच्या घरात राहायला जातो. पाइपच्या गॅससाठी शेगडीत मोठ्या भोकाचा जेट बसवतात. त्यातून सिलिंडरचा गॅस जास्त सुटतो, ज्योत पिवळी होते आणि सगळी भांडी बाहेरून काळी. मोरीत कितीही सोडा ओता, उपयोग नाही. मेकॅनिक बोलावून जेट बदलून घ्या. हे स्वतः करायचं काम नव्हे.

पाचवी, सवयी. चहाचं छोटं पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवलं की ज्योत बाहेरून वर चढते आणि ओघळलेला थेंब न् थेंब बाजूला जळतो. पातेलं छोटं तर बर्नर छोटा. दूध ठेवण्याआधी भांडं पाण्याने विसळून ओलंच ठेवतात त्याने थोडा फरक पडतो, पण खरा फरक जाड बुडाने, मंद आचेने आणि मधून मधून बुडापासून ढवळल्याने पडतो. ते जमत नसेल तर शिट्टीचा मिल्क कुकर घ्या. त्याच्या दोन भिंतींमध्ये पाणी असतं, त्यामुळे आतली भिंत पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे जातच नाही. पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे करपण्याचा प्रश्नच मिटला. त्यातलं पाणी संपू द्यायचं नाही, इतकंच.

पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी स्टीलच्या कढईत चिकटते ती बहुतेक घाईमुळे. रिकामी कढई मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाका. थेंब चरचरून लगेच सुकला तर अजून थांबा. तो गोळी होऊन कढईभर पळायला लागला की आच कमी करून तेल घाला आणि मग फोडणी. कांदा-टोमॅटोचा मसाला परतताना बुडाला तपकिरी धरायला लागलं की लगेच दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने मोकळं करा. तो तेव्हा रस्सा असतो, पाच मिनिटांनी डाग होतो.

आणि मीठ. गार पाण्यात मीठ टाकून भांडं गॅसवर ठेवलं की विरघळेपर्यंत खडे बुडाशी बसून राहतात आणि तिथेच ते करडे खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला. खारट आमटी, लोणचं रात्रभर स्टीलमध्ये ठेवू नका.

टाकायचं कधी, घ्यायचं काय

डागासाठी भांडं टाकायची वेळ सहसा येत नाही. खड्डे पडलेलं, बूड डुगडुगणारं किंवा जोडबुडाची चकती सुटायला लागलेलं भांडं मात्र मोडीत घाला. तुळशीबागेतले बरेच दुकानदार जुनं वजनावर घेऊन नव्याच्या किमतीतून वळतं करतात. नवं घेताना चकाकीकडे बघू नका, हातात धरून वजन बघा. शक्यतो आत ॲल्युमिनियमचा थर असलेलं तीन थरांचं घ्या, नाहीतर निदान जाड बुडाचं.

'३०४' किंवा '१८/८' लिहिलेलं चांगलं. त्यात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या '२०२' मध्ये निकेलची जागा बरीचशी मँगनीजने घेतलेली असते, ते लवकर डाग धरतं. ओळखायला म्हणून दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसा २०२ लाही नाही. चुंबकाने एकच कळतं, ते म्हणजे भांडं इंडक्शनवर चालेल की नाही. बुडाला चिकटला तर चालेल.